आगरकर आणि ती खोटी पत्रे

थोर पुरुषांची चरित्रे विद्यार्थ्यांपुढे ठेवताना त्यांच्या गुणांचेच तेवढे वर्णन करावे, अशी आपल्याकडे पद्धत पडून गेली आहे. त्यांच्या हातून घडलेली चूक सांगितली, तर त्यांचा अनादर होईल, असे आपल्याला वाटते. मला मात्र तसे वाटत नाही. मोठी माणसे चुकतात आणि चुकीनंतरही मोठी राहतात. किंबहुना चुकीनंतर ती कशी वागली, यावरूनच त्यांच्या मोठेपणाचे खरे माप लागते. गोपाळ गणेश आगरकर वयाच्या सव्विसाव्या वर्षी तुरुंगात गेले, हे तुम्हांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पण ते कशासाठी गेले, असे वर्गात विचारले, की देशासाठी, असे उत्तर ठरलेले असते. ते उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे आज सांगण्याचा विचार आहे.

माझी मातृभाषा कोकणी. मराठी मी शाळेत शिकलो आणि मराठी गद्य किती निर्मळ व धारदार असू शकते, हे मला प्रथम आगरकरांच्या निबंधांनी शिकविले. त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिताना मनात कृतज्ञतेखेरीज दुसरा भाव नाही.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या लहानशा गावी झाला. घरी दारिद्र्य इतके, की शिक्षण ही चैनच होती. शिक्षणासाठी हा मुलगा कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असा हिंडत राहिला. मध्यंतरी कऱ्हाडच्या कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात औषधे देण्याचे काम केले; पण विद्येची ओढ सुटली नाही. १८७५ साली मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. अंगावर एकच सदरा. रात्री धुवावा, वाळत घालावा आणि सकाळी तोच अंगात चढवावा, अशा स्थितीत त्यांनी कॉलेजचे दिवस काढले. दम्याचा विकार त्यांना तरुणपणीच जडला आणि तो शेवटपर्यंत सुटला नाही. १८७८ साली ते बी. ए. झाले आणि पुढे एम. ए. झाले. त्या काळी एवढी पदवी म्हणजे मोठ्या पगाराच्या सरकारी नोकरीचे दार उघडणारी किल्लीच. घरी आई वाट पाहत होती, की आता मुलाचा पगार सुरू होईल आणि हालअपेष्टा संपतील. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळविले, की मोठ्या पगाराची आशा तिने धरू नये. पोटापुरते मिळवून उरलेले आयुष्य लोकांच्या कामी लावण्याचे आपण ठरविले आहे. हे पत्र पाठविताना त्यांच्या मनाला काय यातना झाल्या असतील, याची कल्पना गरीब घरातल्या मुलांनाच येईल.

डेक्कन कॉलेजातच त्यांची आणि बाळ गंगाधर टिळकांची गाठ पडली. दोघेही तरुण, दोघेही हट्टी, दोघेही देशाच्या दुःस्थितीने अस्वस्थ झालेले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडून १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेव्हा टिळक त्यांना मिळाले आणि आगरकरही पुढे त्या मंडळीत येऊन दाखल झाले. शाळेच्या पाठोपाठ वर्तमानपत्रे निघाली. २ जानेवारी १८८१ रोजी इंग्रजी ‘मराठा’ आणि ४ जानेवारी १८८१ रोजी मराठी ‘केसरी’ सुरू झाला. ‘मराठा’चे संपादक टिळक झाले आणि ‘केसरी’चे आगरकर. वर्तमानपत्र चालविण्याचा अनुभव बेताचाच, पदरी पैसा नाही. पण लोकांना जागे करण्याची तळमळ अपार. सरकारी कारभारातले दोष उजेडात आणावेत, अन्याय दिसेल तेथे बोट ठेवावे, हे त्यांचे व्रत होते आणि ते योग्यच होते.

अशा वेळी कोल्हापूरचे प्रकरण पुढे आले. १८७० साली कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाहून परतताना इटलीतील फ्लॉरेन्स शहरी वारले. त्यांच्यामागे १८७१ साली दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज हे वयाने लहान होते. राज्याची सूत्रे इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या मर्जीतले कारभारी यांच्या हाती होती. पुढे तरुण महाराजांना वेड लागले आहे, असे सरकारकडून सांगण्यात येऊ लागले. शिवछत्रपतींच्या गादीवरचा तरुण राजा स्वतःच्याच राज्यात परक्यांच्या पहाऱ्यात राहतो, त्याला मारहाण होते, या वार्तांनी सारा महाराष्ट्र हळहळला. हळहळण्याजोगेच ते होते. सर्वांचा रोष वळला तो कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याकडे. महाराजांना वेड लागलेले नसून त्यांना वेडे ठरविण्याचा हा डाव आहे, आणि त्या डावाचे सूत्रधार बर्वे आहेत, असे घरोघर बोलले जाऊ लागले.

येथवर ती कुजबूज होती. मग काही पत्रे हाती आली. ती खुद्द बर्वे यांनी लिहिलेली आहेत, असे सांगण्यात आले. आणि त्यांत महाराजांच्या जिवावर उठल्याचा, विषप्रयोगाचा देखील, वास येत होता. संशयाला पुरावा मिळाला असे सर्वांना वाटले. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी तो मजकूर छापला व बर्वे यांच्यावर कडक टीका केली.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. आगरकर व टिळक हे काही खप वाढावा म्हणून सनसनाटी बातम्या छापणारे संपादक नव्हते. त्यांना बर्वे यांच्याशी वैर साधावयाचे नव्हते, की कोणाकडून द्रव्य उकळावयाचे नव्हते. त्यांची बुद्धी तर अशी, की तिच्याविषयी कोणी शंका घेऊ नये. आगरकरांचा विषयच इतिहास आणि तत्त्वज्ञान; पुराव्यावाचून काही मानू नये, हा त्यांचा बाणा. असे असता ते फसले कसे? मला वाटते, त्याचे कारण एकच. पत्रांत जे लिहिले होते, ते त्यांच्या मनाने आधीच खरे धरून ठेवले होते. आपल्याला अप्रिय वाटणारी गोष्ट कानावर आली, की आपण दहा प्रश्न विचारतो; पण मनात दाटलेल्या रागाला साजेशी गोष्ट आली, की एकही प्रश्न विचारत नाही. कंडी पिकविणारा माणूस हे पुरते ओळखून असतो. तो भलतेच काही सांगत नाही; आपल्याला जे ऐकावेसे वाटते, तेच सांगतो. पेशवाईतली ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका तुम्ही ऐकली आहे. तेथे एक अक्षर बदलले, असे सांगतात. येथे सबंध पत्रेच बनविलेली होती.

बर्वे यांनी मुंबईस अब्रुनुकसानीची फिर्याद केली. आता पत्रे खरी असल्याचे सिद्ध करून देण्याची वेळ आली, आणि तेव्हा सारा डोलारा कोसळला. पत्रे बनावट ठरली. खाजगी बैठकीत हजार गोष्टी ठासून सांगणारी माणसे न्यायासनापुढे उभी राहावयास धजत नाहीत, हा अनुभव तेव्हाही आला. हलक्या कानाने ऐकलेल्या गोष्टीची किंमत चुकविण्याची पाळी आली, की सांगणारा नामानिराळा राहतो आणि छापणारा सापडतो.

या संकटाच्या काळातली एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवण्यासारखी आहे. खटल्यात जामिनाची गरज पडली, तेव्हा दहा हजार रुपयांचा जामीन उभा करण्याच्या कामी महात्मा जोतीराव फुले यांनी पुढाकार घेतला आणि त्यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे जामीन राहिले. फुले आणि चिपळूणकरांची मंडळी यांच्यात मतांचे हाडवैर होते. ‘निबंधमाले’तून चिपळूणकरांनी फुल्यांची आणि त्यांच्या लेखनाची यथेच्छ टवाळी केलेली होती. ती मनात धरून फुले स्वस्थ बसले असते, तर कोणी नाव ठेवले नसते. पण ते धावून गेले. ज्याच्यावर शब्दांचे आसूड ओढले गेले, तोच अडचणीच्या वेळी पाठीशी उभा राहिला. खटला चालू असतानाच, १७ मार्च १८८२ रोजी, चिपळूणकर अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले आणि या तरुणांचा मोठा आधार गेला.

पत्रे खोटी आहेत हे कळून चुकल्यावर दोघा संपादकांनी झाल्या प्रकाराबद्दल माफी मागितली. या माफीला भित्रेपणा म्हणणारे लोक असतील. मला तो धीटपणाच वाटतो. आपण छापले ते चुकले, असे सर्वांदेखत म्हणण्यास तुरुंगात जाण्याइतकेच धैर्य लागते. पण बर्वे यांनी फिर्याद मागे घेतली नाही. तेही साहजिक होते. विषप्रयोगाचा कट केल्याचा आळ ज्याच्यावर महाराष्ट्रभर गेला, त्याने तो दोन ओळींच्या माफीने विसरावा, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे? १७ जुलै १८८२ रोजी निकाल लागला. दोघांनाही चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. आगरकरांना सव्विसावे वर्ष पुरे होऊन तीनच दिवस झाले होते.

मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोघे एका लहानशा खोलीत राहिले. त्या खोलीत देशाच्या भवितव्याची चर्चा इतक्या मोठ्या आवाजात चाले, की पहारेकऱ्यांना येऊन गप्प बसण्याची ताकीद द्यावी लागे. समाजसुधारणा आधी की राजकीय हक्क आधी, या ज्या वादाने पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, त्याची बीजे बहुधा त्याच काळोखात रुजली असावीत. अन्न निकृष्ट होते. दोघांची वजने घटली. चांगल्या वर्तनाबद्दल काही दिवसांची सूट मिळून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी, एकशे एक दिवसांनी, ते बाहेर आले. दाराशी लोकांची दाटी होती. हारतुरे, जयघोष, सत्कार यांना ऊत आला. त्या सत्कारात फुले आणि त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांचाही हात होता. पुढे आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस’ हे पुस्तक लिहून तेथील दिनक्रम वाचकांपुढे ठेवला.

तुरुंगवासात आगरकरांनी हाती घेतलेले आणखी एक काम म्हणजे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाचे मराठी रूपांतर. ‘विकारविलसित’ या नावाने ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. या नाटकात राजाचा भाऊच राजाचा खून करतो, तो झोपलेल्या राजाच्या कानात विष ओतून. आणि राजाला सर्पदंश झाला, अशी खोटी वार्ता राज्यभर पसरवून देतो. म्हणजे राजाच्या कानात एक विष आणि प्रजेच्या कानात दुसरे. खोट्या वार्तेपायी कैद भोगणाऱ्या संपादकाच्या हातून ही दृश्ये मराठीत उतरत असताना त्याच्या मनात काय चालले असेल, याचा विचार मी वर्गात ‘हॅम्लेट’ची गोष्ट सांगताना दरवेळी करतो.

कोल्हापूरच्या तरुण महाराजांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, ते तेथेच मरण पावले. म्हणजे महाराजांचे हाल होत आहेत, ही लोकांची भीती निराधार नव्हती. मूळ गाऱ्हाण्यात सत्याचा अंश होता. पण त्याला खोट्या पत्रांचे ठिगळ लावले गेले आणि त्यामुळे खऱ्या गाऱ्हाण्याचीच किंमत गेली. महाराजांच्या हालांची चौकशी होण्याऐवजी संपादकांच्या अपराधाची चौकशी झाली. खोटे बोलून सत्याला मदत करता येत नाही. तसे करू जाता सत्याचाच घात होतो, हा या प्रकरणाचा धडा आहे. पुढे १८८४ साली त्या गादीवर दत्तक आले, ते राजर्षी शाहू महाराज.

तुरुंगातून सुटल्यावर आगरकरांना लोकप्रियता मिळत होती; ती त्यांनी घट्ट धरून ठेवली नाही. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. त्यांच्या उभारणीत आगरकर अग्रभागी होते. मात्र सामाजिक प्रश्नांवर टिळकांशी मतभेद वाढत गेले. १८८७ साली त्यांनी ‘केसरी’चे संपादकत्व सोडले आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी स्वतःचा ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू काही काळ गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रियांचे शिक्षण, जातिभेद या विषयांवर ‘सुधारक’ने जे लिहिले, ते त्या काळच्या पुण्याला झोंबणारेच होते.

आणि आता चक्र फिरले. एकेकाळी ज्यांच्या पत्रातून दुसऱ्यावर खोटा आळ गेला होता, त्यांच्याच नावाने आता पुण्यात नाना कंड्या पिकू लागल्या. त्यांच्या मतांचे खंडन करणे कठीण म्हणून त्यांच्या घराविषयी, आचाराविषयी, खाण्यापिण्याविषयी बोलणे सोपे झाले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला, तेव्हा विरोधाला सीमा राहिली नाही. सनातनी मंडळींनी तर आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या दारावरून नेली. स्वतःच्या डोळ्यांनी स्वतःची प्रेतयात्रा पाहण्याचा हा प्रसंग! दमेकरी माणूस, घरी यशोदाबाई आणि मुले. त्या घराने ते कसे सोसले असेल? ‘केसरी’ व ‘सुधारक’ यांच्यातल्या वादातही कधी कधी मुद्दा सुटून वैयक्तिक टोमणे आले, हे खरे आहे. ते दोन्ही बाजूंनी झाले, हेही खरे आहे. तरीही आगरकरांचे निबंध आज वाचले, तर मुख्य भर दिसतो तो कारणे देण्यावर. अमुक असे म्हणतो म्हणून ते वाईट, असे ते सहसा म्हणत नाहीत. अमुक चाल का वाईट, तिच्यापासून कोणाला किती पीडा होते, हे पायरीपायरीने दाखवितात. वाचकाने आपल्यावर विश्वास ठेवावा, अशी त्यांची मागणी नसते. वाचकाने स्वतः तपासून पाहावे, अशी असते.

१८९२ साली वामन शिवराम आपटे वारल्यावर आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. पण देह थकला होता. १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही गाठण्यापूर्वी, त्यांनी जगाचा निरोप घेतला. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये, म्हणून थोडे पैसे पुडीत बांधून त्यांनी उशाशी ठेवले होते. ज्यांच्याशी वर्षानुवर्षे कडाक्याचा वाद झाला, त्या टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. तो लिहिताना त्यांचे डोळे पुन्हा पुन्हा भरून येत होते, असे सांगतात. डोंगरीच्या त्या खोलीतले एकशे एक दिवस त्या वेळी त्यांना आठवले नसतील, असे कोण म्हणेल?

विद्यार्थी मित्रहो, हे चरित्र सांगण्यास एक निमित्त झाले, तेही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात सहलीच्या वर्गणीतले पैसे नाहीसे झाले. एका मुलाचे नाव दोघातिघांनी माझ्या कानावर घातले. तो मुलगा पूर्वी एकदा खोटे बोललेला मला ठाऊक होता. म्हणून मी अधिक चौकशी केली नाही आणि सर्व वर्गादेखत त्याला बोललो. चार दिवसांनी पैसे सापडले. हिशेबाच्या वहीच्या पुठ्ठ्यात ते अडकले होते. मी वर्गात उभा राहून त्या मुलाची माफी मागितली. त्याने मान हलविली. पण पुढच्या बाकावर बसणारा तो मुलगा वर्ष संपेपर्यंत मागच्या बाकावर बसला. तेव्हापासून आगरकरांच्या माफीची कथा मला निराळी वाटू लागली. माफी अवश्य मागावी. मात्र तिने सगळे भरून निघत नाही, हेही जाणून असावे.

आगरकरांच्या काळी खोटी गोष्ट पसरविण्यास खिळे जुळवावे लागत, यंत्र फिरवावे लागे, अंक टपालात टाकावा लागे. एवढ्या अवधीत एखाद्याने विचारले असते, की ही पत्रे आली कोठून, तर कदाचित अनर्थ टळला असता. आज तुमच्या हातातील मोबाईलवर बोट टेकले, की तीच गोष्ट क्षणात हजारांच्या कानात जाते. मधला अवधी उरलेला नाही. म्हणून तो आपण आपल्या मनात निर्माण केला पाहिजे. कोणाची अब्रू घेणारा मजकूर समोर आला, की पुढे पाठविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी पाहिले? सांगणारा ते सर्वांसमोर सांगेल काय? आणि हे खरे असावे, अशी माझीच तर इच्छा नाही ना? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे सर्वांत अवघड आहे. आगरकरांसारखा बुद्धिमान आणि निःस्वार्थी पुरुष जेथे फसला, तेथे तुम्ही आम्ही सावध राहिलेलेच बरे.